मदत हवी आहे: जानेवारीत काझा, इंजिन ऑइल कुठलं?

मंडळी, जानेवारीत ठाण्याहून काझाला (हिमाचलातलं स्पिती खोरं) जुनी पेट्रोल गाडी न्यायचीय. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल लिहिलंय (डब्ल्यूआधीचा आकडा जितका लहान तितकं थंडीत पातळ, नंतरचा जितका मोठा तितकं गरम इंजिनात जाड), पण गॅरेजवाल्याने २०डब्ल्यू-५० भरलं. म्हणे, "इंजिन थकलंय साहेब, जाडच बरं." घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तक्रार शून्य.

उरलेलं ऑइल रात्रभर वाटीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं (बायकोची बोलणी खाल्ली, ती वेगळी). सकाळी वाटी कलंडवली तर काकवीसारखं रेंगाळत आलं! काझाला तर रात्री पारा उणे २०च्याही खाली जातो. २०डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३०वर.

५डब्ल्यू-३० घालायला हरकत नाही, पण परतल्यावर एप्रिलच्या उकाड्यात जुन्या इंजिनाला ३० पातळ पडेल का? की ५डब्ल्यू-४० घालू? कुणी हिवाळ्यात तिकडे गाडी नेलीय का?