वृत्तचिती की बेलन? आणि त्रिज्येमधे 'तीन' काय आहे?

इंदूरची मावशी
नमस्कार मंडळी. मी इंदूरला असते, जन्म इथलाच, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असं आमचं कित्येक वर्षांचं. माझा भाचा आठवीत आहे, हिंदी मीडियम, सध्या त्यांचं क्षेत्रमिती चालू आहे आणि रोज संध्याकाळी तो कॉपी घेऊन माझ्याकडे येतो. माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, महाराष्ट्रात शिकलेले, ते बाजूला बसून सांगत असतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. आजोबा म्हणतात घनफळ काढ, पुस्तकात आयतन. गोल उभ्या डब्यासारख्या आकाराला आजोबा म्हणतात वृत्तचिती, हा म्हणतो बेलन. खोक्यासारख्या आकाराला इष्टिकाचिती म्हटलं की तो माझ्याकडे बघतो, मग मी हळूच घनाभ सांगते. परवा तर त्याने आयतन म्हणजे आयताचं काहीतरी असं समजून लांबी गुणिले रुंदी करून उत्तर लिहिलं, उंची घेतलीच नाही, आणि मला त्याला रागावताही येईना कारण शब्द ऐकून कोणालाही तसंच वाटेल.
आता दोन प्रश्न. वृत्तचिती या शब्दाचा नेमका अर्थ काय, वृत्त म्हणजे बातमी नाहीतर कवितेचं वृत्त एवढंच मला माहीत आहे. आणि दुसरा त्याचा, "मावशी, त्रिज्या में तीन क्या है?" आजोबांनाही सांगता आलं नाही.

निवृत्त गणितमास्तर
ताई, वृत्तचे जुने अर्थ बघा, गोल हाही त्यातलाच, हिंदीने तो ठेवला आणि आपण रोजच्या वापरात वर्तुळ घेतलं, पण वृत्तचिती मधे तो तसाच राहून गेला. चिती म्हणजे रचलेली रास. चि हा धातू, रचणे, गोळा करणे, संचय त्यातलाच आणि चिता पण. यज्ञासाठी विटांची वेदी रचायचे तिला चिती म्हणत, शुल्बसूत्रांमधे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची श्येनचिती आहे, दोरीने मापं घेऊन कुठल्या आकाराची वीट कुठे बसवायची याचा पक्का हिशोब (शुल्ब म्हणजे दोरीच). इष्टिका म्हणजे वीट. म्हणजे इष्टिकाचिती हा शब्द मुलांना अवघड वाटतो पण आहे साधा, विटांची रास.
आणि वृत्तचिती म्हणजे वर्तुळांची चळत. मी वर्गात नेहमी एक रुपयाची नाणी एकावर एक ठेवून दाखवायचो. एक नाणं म्हणजे पाया, त्याचं क्षेत्रफळ πr², चळत h उंच झाली की घनफळ πr²h. सूत्र वेगळं पाठ करायची गरजच नाही, शब्दातच लिहून ठेवलंय की रचत जा. उंची विसरणाऱ्या मुलाला हे एकदा हाताने करायला लावा.

पोळपाट
मास्तर, पटलं, पण बेलन हा शब्द कमी समजू नका हं. मी ग्वाल्हेरची, शाळेत बेलन म्हणतच शिकले. बेलन म्हणजे लाटणं. लाटण्याला रंग लावून कागदावर बरोब्बर एक फेरा फिरवा, कागदावर काय उमटतं? आयत. त्याची एक बाजू म्हणजे लाटण्याची लांबी आणि दुसरी बाजू म्हणजे त्याचा परीघ. म्हणून वक्रपृष्ठफळ 2πr गुणिले h. फक्त घरातली पुष्कळ लाटणी मधे जाड आणि टोकाला निमुळती असतात, ती चालणार नाहीत, सरळ डबा घ्या.
म्हणजे मला वाटतं चिती हा शब्द घनफळ शिकवतो आणि बेलन हा शब्द पृष्ठफळ शिकवतो. इंदूर ग्वाल्हेरच्या मुलांना दोन्ही मिळतात, त्यांच्या डोक्यात ते भांडण म्हणून जाऊ देऊ नका ताई, दोन्ही सांगा.

बडोदेकर
आमच्याकडे गुजरातीत याला नळाकार म्हणतात, नळासारखा. घनाभला लंबघन. पण बाकी शब्द ऐकाल तर मराठीच वाटतील, वर्तुळ, परिघ, त्रिज्या, क्षेत्रफळ, घनफळ, पृष्ठफळ, चोरस. बडोद्यात मुलगी गुजराती मीडियमला होती तेव्हा तिची आजी मराठीत सांगायची आणि काही अडायचं नाही. इंदूरला तसं नाही हे खरं, चौरसाला वर्ग म्हणणार आणि आपल्याला वर्ग म्हटलं की शाळेची खोली नाहीतर संख्येचा वर्ग.

संस्कृतवाली
त्रिज्येबद्दल मी सांगते, भाच्याचा प्रश्न फार चांगला आहे, त्याला शाबासकी द्या. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा धनुष्यासारखा दिसतो म्हणून त्याला चाप आणि दोन टोकं जोडणारी रेघ ती ज्या किंवा जीवा, जीवा आपण आजही म्हणतो. मग ज्योतिषगणितात अर्धी जीवा जास्त उपयोगी पडायला लागली आणि तिलाच नुसतं ज्या म्हणू लागले, आपण आज जिला साइन म्हणतो ती हीच, फक्त त्रिज्येने गुणलेली. आता एक राशी 30 अंशांची, तीन राशी म्हणजे 90 अंश. कोन वाढवत नेला की ज्या वाढत जाते आणि तीन राशींना ती वाढून बरोबर केंद्रापासून वर्तुळापर्यंतच्या अंतराएवढी होते. म्हणून ते अंतर म्हणजे त्रि-ज्या, तीन राशींची ज्या. तीन रेघा नाहीत, तीन भाग नाहीत, तीन राशी.
आयतन म्हणजे जागा, निवास. देवायतन, पंचायतन मधला तोच. पंचायतनात पाच देव *राहतात*, तसं डब्याचं आयतन म्हणजे आत राहायला किती जागा आहे. आयताशी त्याला जोडू नका असं त्याला सांगा.
अजून एक, परिघ. संस्कृतात परिघ म्हणजे दाराचा अडसर, लोखंडी दांडा, आणि वर्तुळाच्या कडेला शब्द आहे परिधि, भोवती ठेवलेलं ते, हिंदीत तोच आहे. मराठी गुजरातीने परिघ घेतला. गंमत म्हणजे आर्यभटाचा व्यासासाठीचा शब्द विष्कंभ, त्याचाही एक अर्थ अडसरच, आणि तो मला जास्त शोभतो, वर्तुळात आडवा घातलेला दांडा. पंचांगातल्या 27 योगांमधे पहिला विष्कंभ आणि एकोणिसावा परिघ, आजी रोज वाचायची तेव्हा मला कधी लक्षात आलं नव्हतं.

निवृत्त गणितमास्तर
वा. आर्यभटाचा विषय निघालाच आहे तर, इ.स. 499 च्या आर्यभटीयात 20000 विष्कंभाला 62832 परिघ सांगितलाय, म्हणजे 3.1416, आणि तिथे शब्द वापरलाय आसन्न, म्हणजे जवळपासचा. मुलं 22/7 ला π च्या बरोबर समजतात, पुस्तकात चिन्हच बरोबरचं असतं, तेव्हा हा आसन्न शब्द वर्गात पुन्हा वापरायला हवा असं मला मनापासून वाटतं. भास्कराचार्यांनी पण लीलावतीत (1150) 3927/1250 ला सूक्ष्म म्हटलंय आणि 22/7 ला स्थूल, व्यवहारापुरतं.

संस्कृतवाली
आणि त्याच लीलावतीत आपलं फळ आहे! परिघाला व्यासाच्या चौथ्या हिश्श्याने गुणलं की वर्तुळाचं फल, त्याची चौपट केली की गोलाचं पृष्ठाचं फल, चेंडूभोवतीच्या जाळीसारखं, आणि त्याला व्यासाने गुणून सहाने भागलं की आतलं घन. क्षेत्रफळ, पृष्ठफळ, घनफळ, तिन्ही एका ओळीत उभी राहतात, फळ म्हणजे गणिताचं उत्तर, हाती आलेलं. हिंदीने क्षेत्रफल ठेवलं पण घनफळ सोडून आयतन घेतलं, त्यामुळे ती साखळी तुटली असं मला वाटतं. आजोबांचा शब्द म्हणून टिकवावा.

पोळपाट
चौपट खरी आहे की नाही ते संत्र्यावर बघा. संत्र अर्धं कापायचं, कापलेली बाजू कागदावर ठेवून पाच सहा वर्तुळं काढायची आणि पूर्ण संत्र्याची साल तुकडे करून त्यात भरायची, जवळजवळ चार वर्तुळं भरतात.

इंदूरची मावशी
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, काल रात्री उशिरापर्यंत आमच्याकडे हेच चालू होतं. आधी नाणी रचली. मग स्वयंपाकघरातला डबा घेतला, त्रिज्या 7 सेमी आणि उंची 10 सेमी भरली. कागद गुंडाळून उलगडला, 44 गुणिले 10, वक्रपृष्ठ 440 चौसेमी, वर खाली 154 चे दोन गोल, एकूण 748. घनफळ 1540 घसेमी, आजोबा म्हणाले म्हणजे दीड लिटरच्या थोडं वर, मग त्याने लिटरच्या मापाने पाणी ओतून पाहिलं, एक लिटर पूर्ण गेलं आणि दुसऱ्यातलं अर्ध्याहून जरा जास्त. आजोबा इतके खूष झाले की त्यांनीच त्याला आयतन म्हटलं!! त्रिज्येचं ऐकून तो बराच वेळ गप्प होता, मग कंपास घेऊन 30, 60, 90 ला अर्ध्या जीवा काढून स्केलने मोजत बसला.
एक विचारायचं राहिलं, शंकू म्हणजे काय, तो पण असाच कुठून आलाय का? पुढचा धडा त्याचा विचारतील.

संस्कृतवाली
शंकू म्हणजे खुंटी, उभी रोवलेली काठी, तिची सावली मोजून वेळ आणि दिशा काढायचे. लीलावतीत टोकदार खड्ड्याला सूची म्हटलंय, सुईसारखा, आणि त्याचं फल सरळ खड्ड्याच्या एक तृतीयांश, म्हणजे तुमच्या πr²h चा तिसरा हिस्सा. खुंटीचं टोक निमुळतं म्हणून शंकू हा शब्द त्या आकाराला लागला असावा असं मला वाटतं.

निवृत्त गणितमास्तर
ताई, उज्जैन तुम्हाला पन्नास पंचावन किलोमीटर. तिथल्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे, गोल चौथऱ्याच्या मधोमध उभी काठी. दुपारच्या जरा आधी पोचा, सावली सगळ्यात आखूड कधी होते ते त्याला बघू दे, आणि स्केल न्यायला विसरू नका.

इंदूरची मावशी
रविवारी जातोय, आजोबा पण येणार म्हणतात.