ज्यांच्या हातचं जेवतो, त्यांना चार बरे शब्द : तुमचे अनुभव लिहा

सातारा

आमच्या एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक खानावळ आहे. सहा टेबलं, गल्ल्यावर मामा, आत भाकरीला मामी. नोकरीला लागल्यापासून मी तिथं जेवतोय, चौदा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ऐन गर्दीत त्यांचा सिलिंडर संपला. हॉटेलचा सिलिंडर १९ किलोचा, व्यावसायिक. तो घरातल्यासारखा शेजारणीकडून उसना आणता येत नाही. दुसरा येईपर्यंत पाऊण तास गेला. भाकऱ्या थांबल्या, वांग्याची भाजी गार झाली, लोक ताटकळले. नेमका तेव्हाच एक मुलगा मोबाइलवर शूटिंग करत जेवायला बसला होता. रात्री त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. गार भाजी, भाकरीचं रिकामं टोपलं आणि मामींचा घामेजलेला चेहरा. त्याखाली लोकांनी जे लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. त्यातल्या बहुतेकांनी त्या खानावळीचा उंबरा कधी ओलांडला नसेल.

दुसऱ्या दिवशी गेलो तर जेवायच्या वेळेला दोनच टेबलं भरलेली. मामा चष्मा लावून फोनवरचं एकेक वाचत होते, आणि मोठ्याने, कारण मामींना वाचता येत नाही. मामी ऐकत भाकरी थापत होत्या. परातीत पीठ, तळव्याखाली भाकरी फिरत फिरत मोठी होत होती. मामांनी पुढचं वाक्य वाचायला घेतलं की हात मध्येच थांबायचा, आणि वाक्य संपलं की परत थाप सुरू.

"सोडा हो मामा, लोक काहीही लिहितात," असं म्हणून बघितलं. त्याने काही झालं नाही. मग मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि मागं मागं जात जुनं लिहिलेलं काढलं. पाच-सहा वर्षांचं होतं. वारीला निघालेलं कुणी, कासची फुलं बघायला आलेलं कुणी, बदलीवर एकटा राहणारा बँकेतला एक माणूस. त्याने लिहिलं होतं की इथली आमटी भुरकली की घरी फोन करावासा वाटतो. मी अर्धा तास तेवढंच वाचत बसलो. मामींनी एकदाच विचारलं, "हे आमच्याबद्दलच लिवलंय?" इतक्या वर्षांत यातलं एक वाक्यही त्यांच्या कानावर पडलेलं नव्हतं.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. वाईट बोललेलं आतल्या माणसापर्यंत त्याच दिवशी पोचतं, कुणीतरी पोचवतंच. चांगलं बोललेलं मात्र गल्ल्यापाशी, नाहीतर फोनमध्ये पडून राहतं. म्हणून हे विचारतोय. हॉटेल, खानावळ, मेस, टपरी चालवणाऱ्या कुणावर लोकांनी तोंड सोडलं असेल, तेव्हा तुम्ही काय केलंत? कशाने त्यांना उभारी आली, कशाने नाही आली? जे स्वतः हा धंदा करतात त्यांनी तर लिहाच. जागांची नावं नकोत, कुणाला नव्याने त्रास नको.

मालवण

आमच्या शेजारच्या काकींची घरगुती खानावळ आहे. हल्ली पावसाळी सहलीला जुलैतही माणसं येतात, आणि ताटात सुरमई नसली की चिडतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. त्या दोन महिन्यांत काकी खाडीतली काळुंदरं, शेवटे, तिसऱ्या करतात, नाहीतर सुका बांगडा भाजतात. बर्फात ठेवलेली सुरमई ताजी म्हणून वाढायची त्यांना पटत नाही. दोन वर्षांपूर्वी एका कुटुंबाने लिहिलं, मालवणात येऊन सुरमई नाही, ही फसवणूक आहे, इथे जाऊ नका. बाकीचे शब्द काकींनी सोडून दिले. "फसवणूक" तेवढा राहिला. दोन दिवस त्या मला एकच विचारत होत्या, "मी कोणाक फसवलंय गो?"

मी शाळेत शिकवते. सहावीच्या मुलांना कोकणातल्या मासेमारीवर एक तास घेतलाच होता, तर त्यांनाच म्हटलं की काकींसाठी फलक लिहूया. शाळेतला उरलेला निळा रंग होता. "जून-जुलै : समुद्रातली मासेमारी बंद. मासे वाढतायत. आमच्याकडे आज खाडीचा मासा, तिसऱ्या, सुका बांगडा आणि सोलकढी." एका मुलाने कोपऱ्यात काळुंदर काढलं, काळे पट्टे आणि पाठीवरच्या काट्यांसकट. तोच फोटो मी त्या तक्रारीखाली टाकला आणि एक शेजारीण म्हणून सगळं सांगितलं, कुठंही आवाज न चढवता. दोन आठवड्यांनी त्या माणसाने आपलं लिहिलेलं स्वतःहून बदललं. त्याला माहीतच नव्हतं. मुंबईत जुलैत सुरमई मिळते, मग मालवणात का नाही, असं त्याला वाटलं होतं. वाटणारच.

फलक अजून आहे. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पूर्ववत जायला लागल्या की काकी तो पुसून आत ठेवतात.

पुणे

माझी गोष्ट उलट्या बाजूची आहे. जुलै २०२३, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता. आमच्या मेसच्या काकूंनी महिन्याचे पैसे वाढवले नाहीत, भाजीतला टोमॅटो कमी केला आणि आमसूल घालायला लागल्या. आमच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर कुणीतरी आमटीचा फोटो टाकला, वाटीचा तळ दिसत होता. मग जो तो लिहायला लागला. मीही लिहिलं, आणि बऱ्यापैकी लागेल असं लिहिलं. त्या ग्रुपवर काकूंचा मुलगाही होता, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं, हे सांगायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ताट वाढलं आणि वर बघितलं नाही. रोज "अजून एक पोळी घे रे" म्हणायच्या, ते म्हणाल्या नाहीत. मला ती पोळी गिळेना. संध्याकाळी गेलो, सरळ सांगितलं की काकू, ते मी लिहिलं होतं, चुकलं. त्या म्हणाल्या, "तोंडावर सांगायचंस ना. आमटी पातळ झालीय म्हणायचंस." एवढंच. मग ग्रुपवर माझ्या नावानिशी लिहिलं की महिन्याचे पैसे तेच आहेत, बाजारभाव काय आहे ते मंडईत जाऊन बघा. दोघांनी अंगठा दाखवला, बाकी गप्प. मी अजून पुण्यात आहे, अजून त्यांच्याकडेच जेवतो. माफी तिथल्या तिथं मागून मिटते असं नाही. त्या परत "अजून एक घे" म्हणाल्या, त्याला सप्टेंबर उजाडला.

नाशिक

मी मिसळ विकतो. विचारलंय म्हणून लिहितो.

"लक्ष देऊ नका" हे कृपया म्हणू नका. लक्ष न देऊन कसं चालेल, लोक फोनवर जे तारे देतात त्या आकड्यावर माझं दुकान दिसतं किंवा दिसत नाही. पार्सलवाला पावसात अडकला, रस्सा पिशवीत सांडला, तारे माझे गेले. पार्किंग नाही, तारे माझे गेले. हे रोजचंच, त्याची सवय झाली. पण एकदा खरंच आमची चूक होती. पहाटे कटाचा मसाला भाजताना खोबरं जास्त भाजलं गेलं आणि माझ्याकडच्या पोराने भीतीपोटी ते सांगितलं नाही. त्या दिवशीचा कट कडवट होता. दुपारपर्यंत आम्हाला पत्ता नाही, कारण समोर कुणी बोललं नाही. पैसे दिले, "छान" म्हणाले आणि घरी जाऊन लिहिलं. तेरा जणांनी. एकाने लिहिलं की हे लोक तेल मशीनचं वापरतात. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

सावरलं कुणी, तर दर रविवारी येणाऱ्या एका आजोबांनी. त्यांनी फोन केला. "काल खोबरं करपलं होतं का? तुझ्या कटाला असा वास कधी नसतो." त्यात तक्रार होती, पण "तुझ्या कटाला" या शब्दांत बाकीचे सगळे रविवारही होते. मी फोन ठेवून पोराला बोलावलं, रागावलो नाही. त्या तेराही जणांना मी उत्तर लिहिलं की हो, खोबरं करपलं, पुन्हा या, पैसे नकोत. चार जण आले. पोरगा आता काही करपलं की ओरडून सांगतो आणि आम्ही पातेलं बाजूला काढतो.

मदत करायची तर दोन गोष्टी करा. बिघडलं असेल तर उठण्याआधी सांगा, आम्ही बदलून देतो, त्यात आमचा अपमान होत नाही. आणि आवडलं असेल तर काय आवडलं ते सांगा. नुसतं "मस्त" नको. "आज मटकी बरोबर शिजली होती" हे ज्याने शिजवली त्याला मी आत जाऊन सांगू शकतो.

मुलुंड

छोटंसं. ५ ऑक्टोबर २०२०ला राज्यातली हॉटेलं निम्म्या क्षमतेने पुन्हा उघडली. आमच्या उडप्याने कॉफीचे चार रुपये वाढवले, तर सोसायटीत लोक त्याला लुटारू म्हणाले. सहा महिने बंद हॉटेलचं भाडं त्याने कुठून भरलं हे कुणी विचारलं नाही. माझे बाबा रोज सकाळी जाऊन अर्धी रिकामी टेबलं सोडून आतल्या खिडकीशी उभे राहायचे आणि डोसा घालणाऱ्याला हात करून यायचे. तो गावाहून नुकताच परतलेला. आधी गोंधळायचा, मग तोही झारा उचलायला लागला.

अमरावती

सगळं वाचलं, पटलंही. तरी एक सांगते, कारण मी नर्स आहे आणि हे राहून जाऊ नये. दीड वर्षापूर्वी एका हॉटेलातलं खाऊन माझी लेक रात्रभर उलट्या करत होती, सलाइन लावावी लागली. सहानुभूती म्हणून असलं झाकायचं नसतं. मी मालकाला सकाळीच फोन केला, काय खाल्लं, किती वाजता, सगळं सांगितलं. ते आधी उडवून लावायला लागले. मग मी बिलावरचा १४ अंकी परवाना क्रमांक वाचून दाखवला आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार केली. तेही त्यांना सांगूनच. पण त्यांचं नाव, फोटो, चेहरा कुठंही टाकला नाही. टाकला असता तर तिथली अकरा पोरं दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आली असती, आणि ज्या फ्रीजमुळे हे झालं तो तसाच राहिला असता.

फ्रीज बदलला. मी नंतर जाऊन बघितला, मालकांनी स्वतः उघडून दाखवला, प्रत्येक डब्यावर तारीख. मी त्यांना म्हटलं, हे चांगलं केलंत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी तर त्यांच्याविरुद्ध तक्रार केलेली बाई.

सातारा

अमरावतीच्या ताईंना मनापासून धन्यवाद, हे यायलाच हवं होतं. तुमची तक्रार जिथं द्यायची तिथं गेली, म्हणून फ्रीज बदलला. आमच्या गावच्या त्या व्हिडिओने मामींचा सिलिंडर काही लवकर आला नसता.

मामांचं विचारलं होतं कुणी, तर गिऱ्हाईक परत आलंय, पूर्वीइतकं नाही. आमच्या ऑफिसातले पाच जण आता मंगळवारी-शुक्रवारी तिथंच जेवतात. जाऊन जेवणं आणि पैसे देणं, याला पर्याय नाही. एक भरलेला सिलिंडर जादा ठेवायचा, यासाठी आम्ही महिन्याचे पैसे आगाऊ दिले. मामांनी ते वहीत लिहून ठेवलेत, नावं आणि तारखेसह.

सोलापूर जिल्हा

आमचा ढाबा हायवेला आहे. आई करते, मी हिशेब बघते. गेल्या पौषात एका गाडीतली माणसं शिळ्या भाकरीवरून भांडून गेली. आमच्याकडे कडक भाकरी मिळते, बाजरीची, पापडासारखी, ती मुद्दाम वाळवतात. त्यांना ती शिळी वाटली. व्हिडिओ केला, आईला उद्देशून नको ते बोलले. आई तीन दिवस पुढे आलीच नाही, मीच वाढत होते.

चौथ्या दिवशी आमचा एक नेहमीचा ट्रकवाला, लातूरकडचा, त्याने फोनवर बोलून पाठवलं. त्याला लिहिता येत नाही. मागून इंजिनाचा आवाज येत होता. म्हणाला, "ताई, आईला ऐकवा. मी कडक भाकरी आन् शेंगाचटणी बांधून नेतो, ती मला तीन दिवस पुरती. गाडी कुठं बी बंद पडू द्या. पर आईला सांगा, या वक्ताला आमटीत मीठ जादा व्हतं." मी फोन ओट्यावर ठेवला आणि आईला दोनदा ऐकवलं. ती काही बोलली नाही. झाकण काढून पळीने आमटीचा थेंब तळहातावर घेतला, चाखला, आणि मला म्हणाली, मिठाचा हा नवा पुडा बारीक आहे, चमचा बदलायला हवा.