वीस महिन्यांच्या मुलासाठी खेळताना आणि झोपताना कोणते संगीत लावावे?

गंगापूर रोडची आई

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा आता वीस महिन्यांचा आहे. यजमान सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जातात, त्यामुळे त्यांची रात्रपाळी असली की मुलाला झोपवण्याचे काम मी आणि सासूबाई मिळून करतो. गेले चार महिने आम्ही मोबाइलवर बालगीते सुरू करून मोबाइल त्याच्या उशाशी ठेवत आलो आहोत. सुरुवातीला तो पाच मिनिटांत झोपत असे. आता मात्र एक गाणे संपून दुसरे लागले की उठून बसतो, मध्येच जाहिरात आली की दचकतो, आणि रात्री दोन वाजता जाग आली तर गाणे लावल्याशिवाय पुन्हा डोळा लागत नाही.

दिवसा निराळाच प्रकार असतो. सकाळपासून गाणी चालू असतात, पण त्याचे त्यांच्याकडे लक्ष असते असे वाटत नाही. मी स्वयंपाक करत असताना पालथ्या पातेल्यावर कालथा आपटायला मिळाला की मात्र तो अर्धा तास रमतो.

सासूबाईंच्या मते घरात म्हटले जाणारे पाळणे, म्हणजे अंगाईगीते, पुरेशी आहेत. यजमानांना रागदारी ऐकवावी असे वाटते. माझ्या बहिणीने पाश्चात्त्य संगीतकार मोत्सार्टच्या रचना पाठवल्या असून त्याने मुलांची बुद्धी वाढते असे तिने आग्रहाने सांगितले आहे. खेळण्यासाठी आणि झोपण्यासाठी वेगवेगळे संगीत असावे का, ते किती वेळ आणि किती आवाजात लावावे, आणि ही रात्रीची सवय कशी सोडवावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पंचवटीतील तबलाशिक्षक

ताई, पातेल्यावर कालथा आपटणे हेच या वयाचे वादन आहे, तेव्हा ते थांबवू नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांची धाकटी भावंडे सतरंजीवर बसलेली असतात आणि त्यांच्याकडे मी वर्षानुवर्षे लक्ष देऊन पाहत आलो आहे. केरवा हा ताल जरा चढ्या लयीत सुरू झाला की दीड-दोन वर्षांचे मूल गुडघ्यांत वाकून डोलू लागते, आणि लय उतरवली की त्याचे डोलणेही मंदावते. ते डोलणे तालात बसत नाही आणि या वयात बसण्याची अपेक्षाही धरू नये. पाच ते चोवीस महिन्यांच्या मुलांवर युरोपात झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच आढळले की संगीताचा वेग वाढला की मुलांच्या हालचालींचा वेग वाढतो, मात्र ठेक्याशी त्यांची नेमकी सांगड बसत नाही.

म्हणून खेळताना जलद, ठसठशीत ठेक्याची गाणी लावावीत, पण दहा-पंधरा मिनिटेच, आणि त्या वेळी कोणीतरी त्याच्याबरोबर बसावे. दिवसभर चालू असलेले गाणे मुलाच्या दृष्टीने पंख्याच्या आवाजासारखे होऊन जाते. मध्येच गाणे थांबवून पाहा. मूल हात वर धरून तसेच थबकते, तुमच्या तोंडाकडे पाहते, आणि पुन्हा सुरू केले की खुदकन हसते. हा खेळ मी कित्येक मुलांशी खेळलो आहे. घट्ट झाकणाच्या डबीत मूठभर चणे घालून, झाकणाला चिकटपट्टी लावून दिली की उत्तम खुळखुळा होतो.

झोपेसाठी याच्या अगदी उलट हवे. आपले बरेचसे पाळणे दादरा या तालाच्या अंगाने जातात. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीन मात्रांचे दोन विभाग: धा धी ना, धा ती ना. पाळण्याची दोरी ओढली की पहिला विभाग, पाळणा परत आला की दुसरा. चाल चार-पाच सुरांतच फिरते, प्रत्येक ओळ घरी परतल्यासारखी षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, येते आणि पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असते. सासूबाईंचे म्हणणे मला या कारणाने पटते.

रागदारीला माझा विरोध कसा असेल? पण ख्यालात संथ विलंबितानंतर जलद द्रुत येते, भरभर सुरांच्या ताना येतात, तबल्याची जोरकस उठाण येते, आणि पेंगुळलेले मूल तिथेच डोळे उघडते. यजमानांची इच्छा असेल तर संध्याकाळी यमन राग ऐकवावा आणि झोपेच्या वेळी केवळ तानपुरा मंद लावावा. शास्त्रीय संगीत सामान्य घरांपर्यंत नेण्यासाठी झिजलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात आपल्या नाशिकलाच रामनाम आधार आश्रम काढला होता. साध्या चालीच्या भजनांचा हा वारसा आपल्या गावात आहे; त्यातले एखादे संथ भजन पाळण्याइतकेच उपयोगी पडेल.

नाशिकरोडची श्रवणतज्ज्ञ

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला विशेषतः आवाजाविषयी लिहावेसे वाटते. कृपया मोबाइल आजच उशाजवळून काढा. २०१४ मध्ये बाळांना झोपवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या चौदा ध्वनियंत्रांची तपासणी झाली, तेव्हा आवाज पूर्ण मोठा करून ३० सेंटिमीटरवर मोजल्यावर सर्वच यंत्रे ५० डेसिबलच्या वर गेली आणि तीन तर ८५च्याही वर गेली. ५० डेसिबल ही रुग्णालयातील नवजात बालकांच्या खोलीसाठी सुचवलेली मर्यादा आहे. स्पीकर किमान दोन मीटर दूर असावा, आणि दाराशी उभे राहून कुजबुजलेले शब्द गाणे चालू असतानाही ऐकू यावेत इतपतच आवाज ठेवावा.

मोत्सार्टची गोष्ट १९९३ मधील एका प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. दहा मिनिटे रचना ऐकल्यावर आकृत्यांची कोडी सोडवताना त्यांना थोडे अधिक गुण मिळाले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. लहान मुलांच्या बुद्धीशी त्याचा संबंध नव्हता. रचना आवडत असतील तर जरूर ऐका, पण त्यापायी मनावर ओझे घेऊ नका.

रात्री दोन वाजता जाग येण्याविषयी सांगायचे तर, लहान मुलांची झोप मधूनमधून उथळ होते आणि ती अर्धवट जागी होतात. डोळा लागताना जे भोवती होते ते तसेच असेल तर ती बहुधा पुन्हा झोपतात. गाणे नाहीसे झालेले असेल तर ते मागतात. म्हणून मूल पेंगुळले, पण अजून झोपलेले नाही, अशा वेळी गाणे संपले पाहिजे. एकदम बंद न करता दर दोन-तीन रात्रींनी आवाज थोडा उतरवावा. मोबाइल-टीव्हीचा पडदा तर झोपेच्या वेळी नकोच. दोन वर्षांपर्यंत पडदा टाळावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही आहे.

गंगापूर रोडची आई

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले, मनापासून आभार. एक अडचण उरते. सासूबाई पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहेत आणि मला गाता येत नाही. शाळेत असताना प्रार्थनेच्या वेळीसुद्धा मला नुसते ओठ हलवायला सांगितले जात असे. माझ्या आवाजाने त्याच्या कानावर चुकीचे सूर पडतील का?

सिडकोतील आजोबा

सूनबाई, मुळीच पडणार नाहीत. माझी नात दीड वर्षाची असताना तिची आई बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि नातीला झोपवण्याचे काम माझ्याकडे आले. मला पाळणा येत नव्हता. लहानपणी आई जात्यावर दळताना ओव्या म्हणायची, त्यातल्या एका ओवीच्या चालीवर मी घरातल्या माणसांची नावे ओवली: आत्या झोपली, काका झोपले, शेजारची मनी झोपली. सूर कुठे लागत होता ते देव जाणे, पण रोज तीच चाल, तीच नावे आणि त्याच क्रमाने. एकदा काकांचे नाव राहिले तर तिने डोळे मिटलेल्या अवस्थेतच मान हलवून ‘नाही’ म्हटले.

आणखी एक सांगतो. गणपतीच्या आधी आमच्याजवळच्या मैदानात ढोल पथकाचा सराव सुरू होतो. नाशिक ढोल हा आपला अभिमान असला तरी नातीला कडेवर घेऊन मी अगदी जवळ गेलो आणि तिने दोन्ही हात कानांवर ठेवून माझ्या खांद्यात तोंड खुपसले. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून ऐकवला, तेव्हा तीच पाय आपटून नाचली.

गंगापूर रोडची आई

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. मोबाइल आता स्वयंपाकघरात असतो. आजोबांप्रमाणे मी नावांची अंगाई सुरू केली. पहिल्या चार रात्री तो फार रडला, आणि पाचव्या रात्री मला यजमानांना फोन करून धीर घ्यावा लागला. त्यानंतर हळूहळू फरक पडत गेला. अजूनही आठवड्यातून दोनदा तो रात्री उठतो, पण अंधारातच दोन नावे म्हटली की कूस बदलतो. रात्रपाळीच्या आठवड्यात यजमान सकाळी झोपलेले असतात, म्हणून पातेले आणि कालथा आम्ही गच्चीवर नेला आहे. गाणे थांबवण्याचा खेळ त्याला इतका आवडला आहे की आता तो स्वतःच कालथा वर धरून थांबतो आणि मी हसेपर्यंत वाट पाहतो.