सुमेरियन लोकांनी आपल्याला खरंच काय दिलं? प्रदर्शनाच्या फलकासाठी मदत हवी

गोदाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आठवीच्या मुलांसाठी छोटं प्रदर्शन लावायचं आहे, विषय ‘सुमेरियन आणि आजचं जग’ (सुमेरियन म्हणजे मेसोपोटेमियाच्या, आजच्या इराकच्या, दक्षिण भागातले प्राचीन लोक). फलकाचा कच्चा मजकूर असा आलाय: चाक, लेखन, ६० मिनिटांचा तास, २४ तासांचा दिवस, ३६० अंश, बारा राशी, पेरणीचं अवजार, हे सगळं सुमेरियनांनी शोधलं. यातलं किती टिकेल?

दुसरं, मुलांकडून मातीच्या पाट्या करून त्यावर कीलाक्षरं (त्यांची पाचरीच्या आकाराची अक्षरं) उमटवून घ्यायची आहेत. शेतातल्या काळ्या मातीच्या नमुना-पाट्या दोन दिवसांत तडकल्या. काय चुकतंय?

आणि नाशिकच्या पोरांना आपलं वाटेल असं काही असेल तर जरूर सांगा. नुसती झिगुरातची (पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिर-बुरुजांची) चित्रं बघून ती पुढे सरकतात.

---

घटिकापळे

आधी यादीवर कात्री चालवू.

चाक काढून टाका. गाडीच्या चाकाचे सर्वांत जुने पुरावे मेसोपोटेमियात आणि पूर्व-मध्य युरोपात जवळपास एकाच काळातले आहेत, इ.स.पू. ३५०० च्या आगेमागे. २४ तास इजिप्तकडून आले. मेसोपोटेमियात अहोरात्रीचे १२ भाग करत. ३६० अंश आणि बारा समान राशी सुमेरियनांनंतरच्या बाबिलोनी ज्योतिषांच्या, राशी तर इ.स.पू. पाचव्या शतकातल्या. तोवर सुमेरियन बोलीभाषा म्हणून संपून दीड हजार वर्षं होत आली होती.

मोजणीत उरतं काय? साठ. आणि ते एकटंच पुरेसं आहे.

आधी सुमेरियनांकडे १, १०, ६०, ६००, ३६०० यांना वेगवेगळी चिन्हं होती. इ.स.पू. २१०० ते २००० च्या दरम्यान, उर या सुमेरियन शहराच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात, स्थानमूल्य आलं: एकच उभी खूण जागेनुसार १, ६० किंवा ३६००. शून्य नव्हतं, त्यामुळे ‘१,३०’ म्हणजे ९० की दीड हे संदर्भावरून ओळखायचं.

साठच का याची कारणं अनेक सांगतात, पण सोय उघड दिसते. ६० ला १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३०, ६० असे बारा विभाजक आहेत, १०० ला नऊच, आणि त्यात ३ नाही. त्यांचे लेखनिक भागाकार करतच नसत, व्यस्तांचं कोष्टक, म्हणजे ६० ला त्या संख्येने भागून काय येतं ते, पाठ करून गुणत. २ ला ३०, ३ ला २०, ४ ला १५, ५ ला १२, ६ ला १०, ८ ला ७;३० (७ पूर्णांक ३० साठांश), ९ ला ६;४०. मधला ७ गायब, कारण साठाच्या पद्धतीत १/७ संपतच नाही. आता ४५ ला ८ ने भागायचं तर ४५ × ७;३० = ३३७;३०, ते एक घर खाली सरकवा, म्हणजे ६० ने भागा: ५;३७,३०. म्हणजे ५ पूर्णांक ३७ साठांश ३० उपसाठांश, आपले ५.६२५. आजीच्या पिढीची पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी आठवा. तोच खाक्या, अपूर्णांक तोंडपाठ करून टाकायचा. मुलांना हे कोष्टक फलकावर द्या आणि ७ ची जागा रिकामी ठेवा. का, ते त्यांनाच शोधू द्या.

तासाच्या मिनिटांबद्दल नीट लिहा. साठाची मोजणी सुमेरियनांची. तिने अंशाचे तुकडे पाडले बाबिलोनी ज्योतिषांनी. ती ग्रीकांकडे गेली, टॉलेमी या ज्योतिर्विदाने दुसऱ्या शतकात वापरली, अरबी ज्योतिषांनी पुढे नेली. मनगटावरच्या घड्याळात ६० आला तो या वाटेने. सुमेरियन माणसाने मिनिट मोजलेलं नाही.

नाशिकचा धागा म्हणून सिंहस्थ घ्या. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे कुंभमेळा भरतो. कीलाक्षरी ताऱ्यांच्या याद्यांत सिंहाचं नाव सुमेरियन शब्दांत लिहिलंय, ‘उर्गुला’, आणि वृश्चिकाचं ‘गिरताब’. बारा राशींचं चक्र आपल्याकडे ग्रीकांमार्फत आलं. वराहमिहिराने सिंहाला ‘लेय’ आणि वृषभाला ‘तावुरि’ ही नावंही दिली आहेत, ती ग्रीक ‘लेओन’ आणि ‘ताउरोस’ची रूपं. मात्र फलकावर ‘सिंहस्थ सुमेरियन आहे’ असं लिहू नका. आलं ते राशीचक्र. गोदावरीचं स्नान इथलं.

---

कुंभारचाक

माती: काळी रेगूर वापरलीत तर तडकणारच. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात भेगा पडतात त्याच कारणाने. कुंभाराकडून मळलेली माती आणा. काळीच वापरायची असेल तर चार भाग मातीला एक भाग बारीक चाळलेली वाळू घाला, तरी थोडी जोखीम राहतेच.

माती भिजवून कापडातून गाळा, मग कणकेसारखी घट्ट होईपर्यंत मुरवा. बोटाला चिकटली तर खूण भरून येते, कोरडी असेल तर कडा फुटतात. मळताना हवा काढा. पाटी ६ × ५ सेंटिमीटर, जाडी २ सेंटिमीटर; मुलाच्या तळहातात मावली पाहिजे, कारण ती एका हातात धरूनच लिहितात. सावलीत वाळवा, रोज उलटा, खाली वर्तमानपत्र. वाऱ्यात किंवा पंख्याखाली नको, वरचा थर आधी आकसला की पाटी वाकते. भाजू नका. खऱ्या पाट्याही बहुतेक नुसत्या वाळवलेल्याच होत्या. आत ओल राहिली आणि भट्टीत गेली तर वाफेने फुटते.

लेखणी: ते देवनळ कापून वापरायचे. आपला बोरू चालणार नाही, त्याला तिरकस चीर आणि टोक असतं. इथे हवा काटकोनी कोपरा. जाड बांबूची काडी धारदार चाकूने चौकोनी तासा, कामटी झाली तरी चालेल.

आता मुख्य चूक. मुलं रेघ ओढतात. ओढायचं नाही, दाबायचं. काडी पाटीशी साधारण तीस अंशांत तिरपी धरून कोपरा मातीत टेकवा आणि उचला. जिथे कोपरा खोल गेला तिथे त्रिकोणी डोकं दिसतं, मागे निमुळती शेपटी. शेपटी खाली तर उभी खूण, म्हणजे १. शेपटी उजवीकडे तर आडवी. नुसता कोपरा टेकवून शेपटी न उमटवता उचललं की कोनासारखी खूण, म्हणजे १०. सात लिहायचे तर सात उभ्या एका ओळीत नको: तीन, खाली तीन, खाली एक. २३ म्हणजे दोन कोन आणि तीन उभ्या.

मजकूर काय? राजाची गाथा देऊ नका. उरुक या सुमेरियन शहरातल्या इ.स.पू. ३२०० च्या आसपासच्या पहिल्या पाट्या बहुतेक हिशोबाच्याच: जव, बिअर, मेंढ्या. लासलगावची कांदापट्टी (कांदा विकल्याची हिशोबाची पावती) दाखवा, मुलांना लगेच कळेल. उरच्या काळातल्या जनावरांच्या पावतीचा साचाही तसाच असतो: किती, काय, कोणाकडून, कोणी घेतलं, महिना, वर्ष. ‘शु बा-ति’ म्हणजे ‘स्वीकारलं’. मेंढीची जुनी खूण, गोल आणि आत अधिक चिन्ह, ही मात्र ओढून काढलेली चालते.

पाट्यांवर वरून प्रकाश पाडलात तर काहीच वाचता येणार नाही. दिवा बाजूने, टेबलाच्या पातळीवर ठेवा. खुणांच्या सावल्या पडल्या की अक्षर उठून दिसतं.

---

द्राक्षवेल_निफाड

सगळे घड्याळात अडकलेत. यादीतलं सर्वांत जिवंत अवजार म्हणजे पेरणीचं. सुमेरियन ‘अपिन’च्या (नांगराच्या) चित्रांत नांगराला उभी नळी आणि वर बी टाकायचं भांडं दिसतं. म्हणजे पाभरीचं चाडं आणि नळं! सुमेरियन शेतीसूचनांमध्ये जवाचं बी दोन बोटं खोल पेरा असं सांगितलंय. पाभर तिथूनच आली असं म्हणू नका, पण दोन्ही चित्रं शेजारी लावा.

दुसरा वारसा दुःखाचा आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी चांगलंच म्हणतात. पण एकरावर वर्षात एक मीटर पाणी दिलं तर ४० लाख लिटर, म्हणजे २ टन क्षार जमिनीत. पाणी उडून जातं, क्षार राहतात. निचरा नसेल तर भूजल वर येतं, दीड मीटरच्या आत आलं की मातीतल्या केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर चढतात आणि पांढरा थर धरतो. दक्षिण मेसोपोटेमियात हेच झालं.

याकोबसेन आणि अ‍ॅडम्स या संशोधकांनी १९५८ मध्ये मांडलं ते असं: इ.स.पू. २४०० ला हेक्टरी २५३७ लिटर धान्य, २१०० ला १४६०, १७०० ला ८९७. त्याआधीच गव्हाचा वाटा घटून जव वाढला होता. पॉवेल या अभ्यासकाने १९८५ मध्ये या मापांच्या वाचनावर आक्षेप घेतला, त्यामुळे आकडे ‘अंदाज’ म्हणून द्या. जवच का, ते मात्र पक्कं आहे: मातीची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) गव्हाला साधारण ६ पर्यंत चालते, जवाला ८ पर्यंत. द्राक्षाला १.५ च. म्हणून तर इथे डॉगरिज या क्षार सोसणाऱ्या खुंटावर कलम करतात.

ठिबक लावलं म्हणून सुटका नाही. क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला साठतात आणि पहिला हलका पाऊस ते मुळाशी ढकलतो. तेव्हा ठिबक बंद करायचं नसतं. आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीला आधी जिप्सम, मग पाणी. नुसतं पाणी सोडलंत तर माती आणखी बसते.

---

गोदाकाठ

फार उपयोग झाला. चाक, २४ तास, राशी कापल्या. ‘साठ’, ‘पट्टी’ आणि ‘मीठ’ असे तीनच फलक करतो. एक विचारायचं राहिलं: पाटीभोवती मातीचं पाकीट करायचे असं वाचलंय. मुलांना जमेल?

---

कुंभारचाक

जमेल, दोन-चार फुटतील हे धरून चाला. आतली पाटी पूर्ण वाळलेली असेल तर बाहेरचा थर आकसताना तिच्यावर ताणून तडकतो. दोन्ही ओल्या असतील तर चिकटून एक गोळा होतो. आतली नखाने ओरखडा उठेल इतपत कडक झाली की तिला कोरड्या मातीची पूड चोळा आणि ४ मिलिमीटरचा थर गुंडाळा. पाकिटावर तोच मजकूर पुन्हा लिहायचा असतो. वाद झाला की पाकीट फोडून आतला आकडा बघायचा, बाहेरचा कोणी खोडला असेल तर लगेच पकडला जातो. फोडायला एक जास्तीचं करून ठेवा.