मदत हवी आहे: मामाजींच्या दुर्बिणीसाठी हलका खांदापट्टा घरीच शिवायचा आहे

नमस्कार. गोंदिया जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. दुर्बिणीचा पट्टा मानेऐवजी दोन्ही खांद्यांवर यावा असं काहीतरी शिवायचं आहे. एकदा करून पाहिलं, जमलं नाही.

दुर्बीण आमच्या मामाजींची. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) वय ६७, धानाची शेती. आमच्या बांध्यांना (धानाच्या वाफ्यांना) लागून एक बोडी, म्हणजे लहान तळं आहे, तिथे सारसाची जोडी येते. महाराष्ट्रात सारस उरलेत ते बहुतेक आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच, म्हणून मामाजींचा त्या जोडीवर फार जीव. पावसाळ्यात, रोवणी झाल्यावर, ती कधी बोडीच्या गवतात तर कधी थेट धानाच्या बांधीत घरटं करते. बहुधा दोन अंडी असतात, नर-मादी महिनाभर आळीपाळीने बसतात. त्या दिवसांत मामाजी तिकडे कुणाला फिरकू देत नाहीत आणि स्वतःही जात नाहीत. कुत्री आली का, अंड्यांतून पिल्लं निघाली का, पिल्लू चालायला लागलं का, हे सगळं दूरच्या धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) पाहायचं. यासाठीच माझ्या नवऱ्याने मागच्या दिवाळीला त्यांना ८×४० ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४० मिलिमीटरची) दुर्बीण आणून दिली.

किराणा दुकानातल्या काट्यावर ती ७८० ग्रॅम भरली. सोबत आलेला पट्टा बोटभर रुंदीचा. मामाजींना मानेच्या मणक्याचा जुना त्रास आहे. तासभर गळ्यात राहिली की मान धरते, आणि वाकले की दुर्बीण पुढे झुलून गुडघ्यावर आपटते. दोन महिन्यांपासून ती खुंटीलाच आहे. परवा विचारलं तर म्हणाले, "डोळ्याले चांगली आहे वं पोरी, मानेले नाही." तेव्हापासून मला चैन नाही.

मी ब्लाऊज, परकर, फॉल-पिको करते, मशीन घरीच आहे. मागे एकदा पट्टा करताना एक इंची इलॅस्टिकचे चार तुकडे घेतले होते. दोन खांद्यांवरून, दोन काखेखालून, पाठीवर फुली. चालताना दुर्बीण छातीवर उड्या मारते. घाम आणि उन्हाने इलॅस्टिक पंधरा दिवसांत सैल पडलं. हूक मी पाठीवर लावले होते, ते मामाजींना एकट्याने लावता येत नाहीत. आणि दुर्बिणीच्या दोन्ही बाजूंना पट्टा ओवायचे जे कान आहेत, ते इतके अरुंद की एक इंची पट्टी जातच नाही. मग मी तिथे सुतळी बांधली. ती तुटली तर दुर्बीण चिखलात जाईल याची धास्ती वाटते.

इलॅस्टिकशिवाय हे होतं का? झालं तर दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलता कशी येईल? तयार पट्टे मिळतात हे माहीत आहे, पण मामाजी अंगाने बारीक आहेत, खाली बंडी आणि खांद्यावर दुपट्टा. त्यांच्या मापाचं घरीच करावं असं वाटतं.

प्रतिसाद: रानवाट

ताई, इलॅस्टिक पूर्ण काढून टाका. चार तुकडेही नकोत, एकच लांब पट्टी घ्या. मी मेळघाटात पाच वर्षं असाच पट्टा वापरतो आहे.

पट्टी कशी फिरते ते सांगतो. डाव्या खांद्यावरून पुढे उतरते, दुर्बिणीच्या डाव्या कानाला अडकवलेल्या कडीतून जाते, डाव्या काखेखालून मागे जाते. पाठीवर तिरकी चढत उजव्या खांद्यावर येते. तिथून पुढे उतरून उजव्या कडीतून, उजव्या काखेखालून मागे, आणि पाठीवर तिरकी चढून पुन्हा डाव्या खांद्याला. दोन्ही टोकं तिथे जुळतात. म्हणजे हा एकच मोठा वेढा झाला, पाठीवर एकदा स्वतःला ओलांडणारा. जमिनीवर टाकलात तर मराठी चारचा आकडा वरून बंद केल्यासारखा दिसेल.

खुबी कडीत आहे. पट्टी कडीला शिवायची नाही, कडीतून मोकळी सरकू द्यायची. दुर्बीण वर उचलली की खांद्याकडची पट्टी कमी लागते आणि काखेकडची जास्त. पट्टी सरकत असली की एकीकडची उरलेली दुसरीकडे जाते. जे काम तुम्ही इलॅस्टिककडून करून घेत होता ते सरकण्याने होतं, आणि चालताना उड्या बसत नाहीत.

अरुंद कानांसाठी जाड पट्टी विसरा. तीन-चार मिलिमीटरची नायलॉनची गोल दोरी घ्या, वीतभर तुकड्याच्या टोकांना पक्की गाठ मारून बंद फेरा करा. फेरा दुमडून कानात घाला, गाठीकडचा भाग त्याच्याच वेढ्यातून ओढून घट्ट करा. गाठीकडच्या भागात कडी अडकवायची. लोखंडी कडी थेट कानात घालू नका, घासून घासून कान झिजतो.

प्रतिसाद: दप्तरदुरुस्ती

माझं वर्ध्याला बॅगा दुरुस्त करायचं काम आहे, त्यातलं सांगतो. २० मिलिमीटरची नायलॉन पट्टी ३ मीटर घ्या. बारीक अंगाला अडीच मीटरच्या आसपास लागेल, पण उरलेली कापता येते, कमी पडलेली जोडून उपयोग नाही. जोड कडीत अडकतो.

नायलॉन कापलं की टोक मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर आठ दिवसांत धागे सुटतील. शिवताना १८ नंबरची सुई लावा, ब्लाऊजची सुई मोडेल. दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको, घामाने कुजतो. शिवण चौकोनी घाला आणि चौकोनात फुली मारा. दप्तराच्या पट्ट्याला आम्ही हेच करतो, मुलं वर्षभर ओढतात तरी उसवत नाही.

माप कमी-जास्त करायची कडी आणि दाबून उघडायचं बकल जुन्या दप्तरातून काढून घ्या, विकत घ्यायची गरज नाही. पण प्लॅस्टिक वाकवून बघा. उन्हात राहिलेलं असेल तर पांढरी रेघ उमटते, ते वापरू नका.

पाठीवर जिथे फुली पडते तिथे जुन्या जीन्सचा चार बोटांचा दुहेरी चौकोन करा. कोपरे उघडे ठेवून फक्त कडा शिवा, पट्ट्या आतून जाऊ द्या. फुली मानेकडे चढली तर सगळा भार पुन्हा मानेवर येतो. ती दोन्ही फऱ्यांच्या मधोमध राहिली पाहिजे.

प्रतिसाद: पाणकावळा

पट्ट्याचं वर आलंच आहे. मामाजींच्या हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर पट्टा होईपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना मान दाखवा. आणि पुढे कधी दुसरी दुर्बीण घ्यायची झाली तर ८×३२ बघा, बरीच हलकी असते. पहाटे अंधुक उजेडात थोडं कमी दिसतं, पण तुमच्याकडे उघड्या बांध्यांत बघायचं आहे, चालून जाईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आठवडी बाजारातून पट्टी आणली, धाकट्याच्या जुन्या दप्तराचं बकल चांगलं निघालं. रात्री बसून शिवलं. पाठीवर जीन्सचा चौकोन, कड्या दोरीच्या फेऱ्यांत.

पण एक अडचण आहे. दुर्बीण छातीवर छान चिकटून बसते, वाकलं तरी झुलत नाही. उचलली की नाकापर्यंत येऊन अडते. मामाजी मान खाली घालून पाहायला लागले, म्हणजे पुन्हा मानेलाच ताण. पट्टी कडीतून नीट सरकते आहे. माझं काय चुकलं?

प्रतिसाद: रानवाट

चुकलं नाही ताई, फार वर बांधली आहे. सरकण्याने पट्टी इकडची तिकडे होते, लांबी वाढत नाही. दुर्बीण छातीच्या मध्यावर असली तर काखेपासून ती अगदी जवळ असते. डोळ्यांशी नेली की काखेपासूनचं अंतर जवळपास दुप्पट होतं, आणि खांद्याकडून तेवढी पट्टी मिळत नाही. म्हणून सुरुवातच खालून करायची. फासळ्या संपतात तिथे, बेंबीच्या चार बोटं वर लटकू द्या. खांद्यापासून तिथवरची पट्टी लांब असते, तीच वर उचलताना उपयोगी पडते.

माप घेताना मामाजींना दुर्बीण डोळ्यांना लावूनच उभं करा, कोपरं बाहेर काढायला सांगा, आणि त्या स्थितीत पट्टी ओढ न लागता जेमतेम पुरेल इतकी ठेवा. खाली सोडल्यावर ती आपोआप योग्य जागी येईल.

प्रतिसाद: दप्तरदुरुस्ती

बकल कुठे लावलं ताई? काखेत असेल तर टोचेल. पुढे, डाव्या खांद्याच्या खाली चार बोटांवर घ्या, म्हणजे त्यांना स्वतः दिसेल आणि एका हाताने उघडता येईल. दुर्बीण डोळ्यांशी नेल्यावरही कडी बकलाला लागणार नाही इतकं वर ठेवा.

धागाकर्ती

आज सकाळी पुन्हा माप घेतलं. पट्टी २ मीटर ५० सेंटीमीटरवर आली. बकल सांगितलं तिथे पुढे घेतलं. मामाजी बकल न उघडताच बंडी घातल्यासारखे एकेक हात घालून पट्टा चढवतात, त्यांना तेच सोपं जातं. दुपट्टा पट्टीखाली घडी करून घेतला, खांद्याला मऊ पडतो. मुंग्यांचं विचारलं, तर डाव्या हाताला कधीकधी येतात म्हणाले. हे आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. सोमवारी गोंदियाला दाखवायला नेतो आहोत.

धुऱ्यावर पाऊण तास बसून आले. दुर्बीण डोळ्यांपर्यंत सरळ जाते, खाली सोडली की पोटाशी येऊन थांबते. आल्यावर पट्टा काढायचं विसरून तसेच जेवायला बसले. जोडी बोडीच्या पलीकडच्या काठाला होती, एक पक्षी गवत ओढून एका जागी टाकत होता म्हणे. घरटं सुरू झालं असेल तर आता महिनाभर रोज जाणं आहे.

पट्टी घामाने पांढरी पडते आहे. साध्या पाण्याने धुतली तर चालेल ना? जीन्सचा चौकोन ओला राहून आतली पट्टी कडक तर होणार नाही?

प्रतिसाद: दप्तरदुरुस्ती

साध्या पाण्यात बुडवून, न पिळता सावलीत वाळवा. आधी दुर्बीण फेऱ्यांतून काढून ठेवा. चौकोन वाळायला दिवस लागेल, म्हणून तसाच दुसरा पट्टा शिवून ठेवा, माप तर आता आहेच.