आईचा आवाज आणि अक्षर कसं जपावं?

प्रश्न
आई गेली. तिच्या आवाजाची एकच कॅसेट आहे, ९० मिनिटांची, वीस वर्षं न वाजवलेली. फोनवर तिचे व्हॉइस मेसेज आहेत आणि पेन्सिलीने लिहिलेली एक वही, अक्षरं पुसट झालेली. घाईत काही बिघडायला नको. सुरुवात कशाने करू?

प्रतिसाद १
आधी फोन. कॅसेट अजून आठवडाभर थांबेल, फोन उद्याही बंद पडू शकतो. अँड्रॉइड असेल तर व्हॉट्सॲपचा व्हॉइस नोट्सचा अख्खा फोल्डर संगणकावर उतरवा. फाइली .opus असतात, तशाच ठेवा. एमपी३ केल्यावर आवाजाचा दर्जा थोडा उतरतो. आईचं व्हॉट्सॲप खातं १२० दिवस वापरात नसेल तर रद्द होऊ शकतं, म्हणून तिच्या फोनमधलंही आत्ताच काढून घ्या.

प्रतिसाद २
कॅसेटबद्दल. सर्वांत आधी तिच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडा. ते शाबूत असले आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर आईच्या आवाजावर दुसरं काही चढेल.

मग पुढच्या उघड्या भागात मधोमध पाहा. धातूच्या पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा हवा. जुना गोंद सुकला की तो गळून पडतो. मग टेप हेडला (टेप वाचणाऱ्या धातूच्या भागाला) नीट चिकटत नाही आणि आवाज दबका, येत-जात राहतो. पडला असेल तर टेपची रिळं स्क्रूच्या दुसऱ्या चांगल्या डबीत हलवावी लागतात. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर अजिबात वाजवू नका, जाणकाराकडेच द्या.

९० मिनिटांची टेप ६० वालीपेक्षा पातळ असते, ताण पटकन घेते. त्यामुळे डेकचं (कॅसेट वाजवायच्या यंत्राचं) हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आधी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहा. ती गुंतली नाही तरच आईची घाला. हेडफोनच्या नव्हे, डेकच्या मागच्या लाइन-आउटच्या (आवाज बाहेर देणाऱ्या) भोकातून संगणकात घ्या: वाव्ह फाइल (आवाज न दाबता ठेवणारा प्रकार), सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. वर गेला तर फाटतो आणि फाटलेला दुरुस्त होत नाही. आवाज बोथट वाटला तर हेडशेजारचा, हेडचा कोन बदलणारा स्क्रू अगदी किंचित फिरवा, तिचे ‘स’ आणि ‘श’ धारदार होईपर्यंत.

प्रतिसाद ३
वरच्यात एक भर: खरखर काढायची तर प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. खरखर काढणारी सॉफ्टवेअर बोलण्याआधीचा श्वासही पुसतात. मागे वाजणारी भांडी, तिचं खाकरणं राहू द्या. तेही तिचंच.

प्रतिसाद ४
वही लॅमिनेट करू नका, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो. खोडरबर तर लांबच ठेवा. स्कॅन रंगीत, ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ प्रकारच्या फाइलमध्ये. शिवण कडक असेल तर वही स्कॅनरवर दाबू नका, अर्धीच उघडून वरून फोटो काढा. पुसट पानांसाठी अंधाऱ्या खोलीत एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर टॉर्च धरा. पेन्सिलीच्या दाबाने पडलेल्या खाचांना सावली येते आणि गेलेलं अक्षर वाचता येतं. मागची पानंही घ्या, हिशेब आणि खाडाखोडीसकट.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. फाइलींना नावं काय द्यावीत?

प्रतिसाद २
वर्ष-महिना-दिवस आधी, मग कोण बोलतंय, कशाबद्दल. तारीख अंदाजाची असेल तर तसं लिहा. तीन प्रती करा, दोन वेगळ्या डिस्कवर, एक भावंडाच्या घरी.