मदत हवी आहे: मुशी पिल्लं देते तर ती सस्तन का नाही? मुलीचा तक्ता अडलाय

नमस्कार मंडळी, आम्ही नेरूळला राहतो. लेक दहावीत आहे, सायन्सच्या प्रोजेक्टला दोन प्राण्यांची तुलना द्यायचीय, वर्गीकरण आणि त्यांना धोका किती ते. तिने कॉटन-टॉप टॅमरिन घेतलंय, कोलंबियाच्या जंगलातलं जेमतेम अर्ध्या किलोचं माकड, डोक्यावर पांढरा तुरा. आणि समोर शार्क. मीच म्हटलं आपली मुशीच घे, आपल्याकडचा छोटा शार्क, शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन, आम्हाला बीएस्सीला डिसेक्शनला हीच होती.

तर रविवारी दिवाळे गावच्या मासळी बाजारात गेलो, मावशींनी मुशीचं पोट चिरलं आणि आतून बोटाएवढी पिल्लं निघाली, नाळेसकट. पोरगी बघतच राहिली. घरी येईपर्यंत एकच, आई हिला नाळ आहे मग ही सस्तन का नाही, मी म्हटलं अगं कल्ले आहेत ना, तर म्हणे ते ठीक पण नाळेचं काय. मला नीट सांगता येईना. शिवाय टॅमरिन क्रिटिकली एन्डेंजर्ड (नामशेष व्हायचा धोका खूपच जास्त), मुशी निअर थ्रेटन्ड (धोक्याच्या उंबरठ्यावर), आणि ती म्हणते बाजारात पाटीभर दिसतात मग धोका कसला. प्लीज कोणीतरी समजावा, सबमिशन शुक्रवारी आहे.

खारघरकर:
ताई, नाळेवरून सस्तन ठरत नाही, दूध आणि केस बघायचे. प्लॅटिपस अंडी घालतो तरी सस्तन, कारण पिल्लांना दूध पाजतो. मुशीची नाळ बलकाच्या पिशवीपासून बनते, आणि पिल्लू जन्मलं की आपलं आपण पोहत जातं, आई ढुंकून बघत नाही. टॅमरिनला बहुतेक जुळी होतात, ती बाप आणि मोठी भावंडं पाठीवर घेऊन फिरतात. तक्त्यात दोघांना कॉर्डाटा, व्हर्टिब्राटापर्यंत (म्हणजे पाठीचा कणा असलेल्यांच्या गटापर्यंत) एकत्र ठेवा आणि तिथून फाटा काढा, एकीकडे सस्तन, दुसरीकडे मत्स्य, खाली बारीक अक्षरात कास्थिमत्स्य, कारण मुशीचा सांगाडा हाडांचा नाही, कास्थीचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा लवचीक कुर्चेचा.

धोक्याचं म्हणाल तर मुशी लवकर वयात येते, म्हणून ट्रॉलरच्या जाळ्यात एवढी जाऊनही अजून टिकून आहे. स्कॅलप्ड हॅमरहेड या मोठ्या शार्कला वयात यायला कितीतरी वर्षं लागतात, तो टॅमरिनच्याच ओळीत आहे, क्रिटिकली एन्डेंजर्ड. टॅमरिनचं जंगल तुटलं, त्याआधी 1960-70 च्या सुमाराला हजारोंनी अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत नेलेली. हे तिला नक्की लिहायला सांगा.

पिल्लांचा फोटो काढलाय का? असेल तर तक्त्यावर तोच लावा.